200 लिटर समुद्राचे शेवटचे 16 तास

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. शहराचं त्या दिवशी काय झालं ते सर्वांना माहीत आहे. खाली आहे त्याच दिवसातला एक रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री माशांचं मत्स्यालय. टँक आणि घर नमुन्यादाखल रचलेलं आहे, काचेआड जे घडतं ते मात्र अशा प्रत्येक टँकमध्ये घडू शकतं.

सकाळी 9.30 | 16 तास 30 मिनिटं बाकी

मध्य उपनगरातला एक फ्लॅट. हॉलमध्ये 200 लिटरचा टँक. वाळू आणि लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले खडक) वजा केले तर पाणी साधारण 160 लिटर. तापमान 26 अंश, पीएच 8.2. बाहेर ऑक्टोबर हीट, पण चिलर चालू असल्यामुळे आत त्याचा पत्ता नाही.

आत सहा लहान मासे. क्लाउनफिशची जोडी, त्यातली मोठी ती मादी. क्लाउनफिश आधी नर असतात आणि जोडीतला थोरला मादी होतो. एक फायरफिश, पाठीवरचा लांब काटा सतत फडकवणारा आणि खुट्ट झालं की बिळात शिरणारा. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा रॉयल ग्रामा, मूळचा कॅरिबियन समुद्रातला. लेदर कोरलच्या फांदीवर बसून राहणारा बोटाच्या पेराएवढा क्लाउन गोबी. आणि वाळूत पिस्टल कोळंबीबरोबर एकाच बिळात राहणारा वॉचमन गोबी. कोळंबीला दिसतं कमी, म्हणून बिळाबाहेर आली की तिची एक मिशी गोबीच्या अंगाला लागलेली असते. गोबीने शेपूट हलवली की ती आत.

सगळे शांत, आपापली जागा धरून राहणारे. सातवा मात्र या हिशेबात बसत नाही. तो ब्लू टँग, घरातल्या मुलीची ‘डोरी’. कुर्ल्याच्या बाजारातून आणला तेव्हा दोन बोटांएवढा होता, आता 12 सेंटीमीटर आहे. समुद्रात तो 30 पर्यंत वाढतो. त्याच्या एकट्याचं वजन बाकी सहांच्या एकत्र वजनापेक्षा जास्त आहे.

सकाळी 10.00 | 16 तास

लाइट जाते. कळवा-पडघा पट्ट्यातल्या 400 केव्हीच्या वाहिन्यांवर बिघाड झालेला असतो. अशा वेळी मुंबईला बाकीच्या ग्रिडपासून तोडून वेगळं सांभाळणारी आयलँडिंगची व्यवस्था आहे. आज तीही टिकत नाही. लोकल जागच्या जागी थांबतात.

मुंबईकराच्या घरी सहसा इन्व्हर्टर नसतो, कारण मुंबईत लाइट जात नाही. या घरातही नाही. कॉम्प्युटरचा यूपीएस आहे, त्यावर लॅपटॉप आणि वायफाय लावले जातात. वर्क फ्रॉम होमचे दिवस आहेत, मीटिंग चालू आहे.

टँकमध्ये चार गोष्टी एकाच क्षणी बंद पडल्या: वेव्हमेकर, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर, चिलर आणि खालच्या कपाटातला कॅनिस्टर फिल्टर. पाचवी दिव्यांचा टायमर. तो फिरत्या चकतीचा जुना टायमर आहे आणि त्याच्यासाठी आता सकाळचे दहाच वाजलेले राहणार.

दुपारी 12.00 | 14 तास

शहरात अत्यावश्यक सेवांची वीज परत येऊ लागली आहे. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो, ‘अर्ध्या तासात येईल.’

पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला आहे, त्यावर तेलकट साय धरली आहे. धोका इथे आहे. वेव्हमेकर पाणी फिरवतो म्हणून खालचं पाणी वर येऊन हवेला लागतं आणि ऑक्सिजन घेऊन जातं. पाणी थांबलं की ही देवघेव जवळपास थांबते. समुद्राच्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी ऑक्सिजन मावतो आणि पाणी तापलं की आणखी कमी. या 160 लिटरमध्ये सकाळी विरघळलेला एकूण ऑक्सिजन होता जेमतेम एक ग्रॅम, चिमूटभर साखरेएवढा. तो फक्त माशांना पुरवायचा नाही. खडकातले आणि वाळूतले असंख्य जिवाणू, कोरल, कोळंबी, सगळे त्यातूनच घेतात.

आजी सोफ्यावरून सांगते, “अरे, तांब्याने पाणी उपस आणि वरून धार धरून ओत. हवा लागेल तेवढीच.”

सल्ला अगदी बरोबर आहे. उंचावरून पडणारी धार म्हणजे हाताने चालवलेला एअर पंप. तिचा मुलगा वीस मिनिटं तांब्या चालवतो. पृष्ठभागाशी आलेला टँग खाली येऊन पोहू लागतो.

दुपारी 2.00 | 12 तास

पुढची मीटिंग फोनवरून आहे. ‘अर्ध्या तासात येईल’ हा निरोप तिसऱ्यांदा येतो आणि तांब्या मोरीत परत जातो.

खाली कपाटात काय चाललंय ते कोणी पाहत नाही. कॅनिस्टर म्हणजे हवाबंद डबा. आतल्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर टँकमधला अमोनिया पचवणारे जिवाणू आहेत. त्यांना वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. प्रवाह थांबला की डब्यातला ऑक्सिजन ते झपाट्याने संपवतात आणि मग त्यांचं काम थांबतं. अडकलेला गाळ कुजतो. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि त्यांच्यामुळे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू.

कॅनिस्टरचा प्लग बोर्डात तसाच आहे, बटण चालू.

दुपारी 3.30 | 10 तास 30 मिनिटं

तापमान 28. टँग वरच्या कोपऱ्यात तोंड वर करून आहे, कल्ले भराभर हलत आहेत. उघड्या पाण्यात सतत पोहत राहणारा हा मासा आहे, त्याला निवांत बसणं जमत नाही. घाबरला की आणखी पोहतो, पोहला की आणखी ऑक्सिजन खर्च करतो.

शाळेचा ऑनलाइन वर्ग बुडालेली मुलगी सांगते, “बाबा, डोरी वर येऊन श्वास घेतेय.”

बाबा फोनवर हात ठेवून म्हणतात, “लाइट येईलच आता.”

संध्याकाळी 5.00 | 9 तास

टँग दिसत नाही. मागच्या खडकाच्या फटीत शिरला असेल, असं सगळे धरून चालतात. तो तिथेच आहे, मेलेला.

लहान सहा मात्र तग धरून आहेत, आणि हा नशिबाचा भाग नाही. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड आयलंडवर संशोधकांनी प्रवाळातल्या माशांची परीक्षा घेतली होती. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रीफवरचे बरेच लहान मासे कमी ऑक्सिजन आश्चर्यकारकरीत्या सोसतात. रात्री ते प्रवाळाच्या फांद्यांत दडतात आणि अंधारात प्रवाळही श्वास घेत असल्यामुळे त्या फटींतला ऑक्सिजन फार खाली जातो. क्लाउन गोबीच्या जातकुळीतले मासे तर ओहोटीला प्रवाळ उघडं पडलं तरी काही काळ हवेत तगून राहतात. लेदर कोरलवरचा तो पेराएवढा मासा आज या घरातला सर्वांत निर्धास्त जीव आहे.

संध्याकाळी 6.30 | 7 तास 30 मिनिटं

खिडकीतला उजेड गेला. कोरलच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल दिवसभर थोडाफार ऑक्सिजन तयार करत होतं, ते आता बंद. लेदर कोरल आक्रसून चिकट स्राव सोडू लागलं आहे. तापमान 30. कार्बन डायऑक्साइड साठत गेल्याने पीएच 7.7 पर्यंत उतरला आहे.

हा उतरलेला पीएच या क्षणी माशांचा मित्र आहे. टँगच्या शवातून अमोनिया सुटू लागलाय, पण आम्ल बाजूकडे झुकलेल्या पाण्यात त्याचा विषारी अंश कमी राहतो.

रात्री 8.15 | 5 तास 45 मिनिटं

लाइट येते. इमारतभर टाळ्या, शिट्ट्या.

वेव्हमेकर फिरतो, पृष्ठभागावरची साय फुटते. कॅनिस्टर आपोआप सुरू होतो आणि पहिल्या झटक्यात दहा तास बंद राहिलेलं तपकिरी पाणी टँकमध्ये ओततो. हॉलमध्ये वास येतो. “गटाराचा असेल,” कोणीतरी म्हणतं आणि खिडकी लावून घेतं.

टायमर जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. टँकमध्ये रात्री सव्वाआठला सकाळचे दहा वाजतात, निळे-पांढरे दिवे लखलखतात. सहाही लहान मासे बाहेर येतात. वाचले बिचारे! आनंदाने त्यांना नेहमीपेक्षा जास्त खाणं टाकलं जातं. ते अर्धवट खाल्लं जातं आणि उरलेलं खडकांत जातं.

रात्री 10.00 | 4 तास

ऑक्सिजन केव्हाच पूर्ववत झाला आहे. खळबळत्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला आणि पीएच पुन्हा 8.2 कडे चढला. पीएच अर्ध्या अंकाने चढला की तेवढ्याच अमोनियातला विषारी वाटा सुमारे तिपटीने वाढतो. अमोनिया पचवणारे कॅनिस्टरमधले जिवाणू निकामी झाले आहेत आणि तिथला गाळही आता पाण्यात आहे. आत एक शव, उरलेलं खाणं, कोरलचा स्राव.

अमोनियाची टेस्ट किट कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. कोणी काढत नाही, कारण मासे पोहताना दिसत आहेत.

मध्यरात्री 12.00 | 2 तास

पाणी पांढुरकं झालं आहे. पिस्टल कोळंबी बिळाच्या तोंडाशी उताणी. वॉचमन गोबी तिच्याशेजारी उघड्यावर, जोरजोरात श्वास घेत. या वेळी ऑक्सिजन भरपूर आहे, पण अमोनियाने भाजलेले कल्ले तो घेऊ शकत नाहीत. फायरफिश झाकणाच्या फटीतून उडी मारतो आणि टीव्हीच्या टेबलामागे पडतो. घर झोपलेलं आहे.

मंगळवार, पहाटे 2.00 | शून्य

ग्रामा आणि वॉचमन गोबी वाळूवर आडवे. क्लाउनच्या जोडीतला नर गेला, मादी काही मिनिटांनी. सर्वांत शेवटी क्लाउन गोबी लेदर कोरलवरून घसरतो. दिवे अजून दुपारचे चार वाजल्यासारखे लख्ख आहेत.

त्यानंतर

वीज का गेली याची चौकशी मुख्यमंत्र्यांनी सोमवारीच जाहीर केली. काही भागांत पुरवठा सुरळीत व्हायला 10 ते 12 तास लागले.

टँकची चौकशी त्यापेक्षा सोपी आहे. लहान आणि शांत मासे निवडावेत हा सल्ला लोक भांडणं टाळण्यासाठी म्हणून ऐकतात. प्रत्यक्षात त्याने संकटात हाताशी जास्त वेळ राहतो. अंगाने लहान, एका जागी राहणारे, रात्रीच्या कोंडीला सरावलेले हे मासे लाइट नसलेले दहा तास सोसू शकले. टँगने त्यांच्या वाट्याचा ऑक्सिजन खाल्ला आणि मेल्यावर त्यांचं पाणी विषारी केलं, आणि त्यातही त्या माशाचा दोष काही नाही. 200 लिटर त्याला कधीच पुरणार नव्हते.

बाकी उपाय स्वस्तातले आहेत. सेलवर चालणारा एअर पंप. यूपीएसला लॅपटॉपऐवजी वेव्हमेकर. यूपीएस नसेल तर दर थोड्या वेळाने तांब्या. मासा दिसेनासा झाला की खडक हलवून शोधणं. लाइट आल्यावर खाणं बंद, अमोनियाची तपासणी, आणि तयार मिठाचं पाणी असेल तर एक चतुर्थांश पाणी बदलणं.

आणि कॅनिस्टर. अर्ध्या तासात लाइट आली नाही तर त्याचा प्लग काढायचा आणि आतला स्पंज टँकच्याच पाण्यात धुतल्याशिवाय तो परत लावायचा नाही. सोमवारी दुपारी 2 वाजता हा प्लग निघाला असता, तर मंगळवारी टँगचं शव काढून टाकायला आणि पाणी बदलायला बहुधा वेळ उरला असता. प्लग काढायला दहा सेकंद लागतात.