हुंडेकरी, एजंट आणि एमएच-42

आरटीओच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाला आपण एजंट म्हणतो. पेशवाईत साधारण असाच धंदा करणाऱ्याला हुंडेकरी म्हणायचे.

तेव्हा माल बैलांवर लादून जायचा आणि वाटेत ठिकठिकाणी जकातीचे नाके. माल भरला तिथे थळभरीत, विकला तिथे थळमोड, आणि मधल्या वाटेची जकात निराळी. एक नाका सरकारी, तर पुढचा कुणा जहागीरदाराचा. व्यापाऱ्याने धंदा करायचा की नाक्यानाक्यावर हुज्जत घालत बसायचं? म्हणून हुंडेकरी आला. एकरकमी पैसे घ्यायचा आणि सगळ्या नाक्यांचं तो बघून घ्यायचा. थोडक्यात, आउटसोर्सिंग ही काही आपल्या पिढीची कल्पना नाही :)

हे आठवायचं कारण गाडी. आमचं गाव बावडा, तालुका इंदापूर. इंदापूरहून अकलूजला जाताना लागतं. तुकोबांची पालखी याच वाटेने सराटीला जाते आणि तिथे नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा सुरू. इंदापूर तालुका बारामतीच्या परिवहन कार्यालयाकडे, म्हणून आमच्या गाडीचा नंबर एमएच-42. नोकरीनिमित्त मी ती दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या शहरात नेली (नाव कशाला घ्या!) आणि चौथ्याच महिन्यात सिग्नलला बाजूला घेतली गेली.

लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, सगळं जागेवर. मग साहेबांचा खरा प्रश्न आला, "गाडी इथे किती दिवस आहे?" म्हटलं, चार महिने. "पुरावा?" आता एखादी गाडी एखाद्या शहरात *नव्हती* याचा पुरावा कुठून आणणार? टोलच्या पावत्या, गावाकडच्या सर्व्हिसिंगचं बिल, कंपनीचं रुजू झाल्याचं पत्र, असं सगळं घेऊन त्यांच्या कार्यालयात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब रजेवर, दुसऱ्यांदा झेरॉक्सवर सही नाही, तिसऱ्यांदा सर्व्हर डाउन. तिसऱ्या चकरेला बाहेर एक गृहस्थ भेटले आणि म्हणाले, "साहेब, एवढा त्रास कशाला घेता? आम्ही आहोत ना." हुंडेकरी!

अशा वेळी आपण पोलिसाला शिव्या घालतो आणि मोकळे होतो. पण थोडं मागे जाऊन वाचलं की दिसतं, भानगड त्या सिग्नलवर सुरू झालेली नाही. गाडी एका ठिकाणी फिरते आणि तिचा कर दुसऱ्याच ठिकाणी जमा झालेला असतो, हे खरं दुखणं आहे. साहेबांना माझी माहिती नको होती. त्यांच्या राज्याला माझा कर हवा होता.

कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातली वाटेवरची जकात 1838 साली उठवली. (शहरांच्या वेशीवरची मात्र टिकली. मुंबईत तर ती 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा गेली.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी आल्या. प्रांतांनी आपापले कायदे केले आणि 1914 मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी पहिला मोटार कायदा झाला.

मोटारींबरोबर रस्त्यांचा प्रश्न आला. पैसा कोण देणार? 1927 मध्ये सरकारने एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. हो, पुणे विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयाचे तेच जयकर, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. समितीने 1928 च्या अहवालात म्हटलं की रस्ते बांधणं हे प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या आवाक्याबाहेर चाललंय. ही देशाची गरज आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. त्याप्रमाणे 1929 मध्ये गॅलनमागे दोन आणे जादा कर लागला आणि केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला.

या दोन आण्यांची गंमत बघा. जो जास्त गाडी चालवेल तो जास्त पेट्रोल भरेल आणि तितका कर देईल. गाडी कुठली, मालक कुठे राहतो, किती महिने झाले, काही विचारावं लागत नाही. पेट्रोल भरलं की विषय संपला. ना फॉर्म, ना दाखला, ना हुंडेकरी.

पण प्रांतांना स्वतःचं उत्पन्नही हवं होतं. मुंबई इलाख्याने 1935 मध्ये मोटार कराचा कायदा केला. महाराष्ट्रात आज चालतो तो 1958 चा. हा कर गाडीच्या *नोंदणीवर* आहे, आणि नोंदणी म्हणजे पत्ता आला, पत्ता म्हणजे हद्द आली. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात वाहनांवरचा कर राज्य सूचीत आहे (नोंद 57), आणि मोटारगाड्या व त्यांच्यावरच्या कराची *तत्त्वं* समवर्ती सूचीत (नोंद 35). म्हणजे तत्त्व ठरवण्यात केंद्राचा हात, आणि पैसा मात्र राज्याचा. आपल्या भाषेत सांगायचं तर डिझाइन एका टीमचं आणि बजेट दुसऱ्या टीमचं. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच.

धंद्याच्या गाड्यांचे हाल तर आणखी. बस आणि ट्रक रेल्वेचं गिऱ्हाईक पळवतात अशी ओरड झाली, त्यावर मिचेल आणि कर्कनेस यांचा 1932-33 चा अहवाल आला आणि 1939 च्या मोटार कायद्यात परमिटची पद्धत घट्ट बसवली गेली. त्यात एक नियम होता: एका विभागाच्या प्राधिकरणाने दिलेलं परमिट दुसऱ्या विभागात चालणार नाही, तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी हवी. राज्य ओलांडायचं तर पुन्हा तेच. ट्रक एका रात्रीत पोचेल, पण सही कधी पोचेल ते सांगता येत नाही! राष्ट्रीय परमिटची सोय व्हायला 1975 साल उजाडलं. तोवर ड्रायव्हर लोकांची एक अख्खी पिढी नाक्यावर उभी राहून म्हातारी झाली.

आजचा कायदा 1988 चा, लागू झाला 1 जुलै 1989 ला. त्यातली दोन कलमं लागोपाठ वाचून बघा. कलम 46 म्हणतं, एका राज्यातली नोंदणी भारतभर चालेल. वा! लगेच कलम 47 म्हणतं, पण गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्या. त्यासाठी कलम 48 प्रमाणे मूळ कार्यालयाचा ना हरकत दाखला, फॉर्म 28. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती. मग नव्या ठिकाणी फॉर्म 27 आणि तिथला कर, बहुतेक ठिकाणी सगळा एकरकमी. तो भरून झाला की जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागायचा. तो हातात पडेपर्यंत एकाच गाडीचा कर दोन राज्यांच्या खिशात.

या सगळ्यात आपलं काम काय, तर निरोप्याचं. एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाला काय सांगायचं ते कागदावर घेऊन आपण शंभर कोस जायचं. दोन सिस्टिम एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून युझरलाच वायर करून टाकलंय.

बरं, आता त्या बोलतात की! 'वाहन' आणि 'सारथी' या प्रणालींत देशभरातल्या गाड्यांच्या आणि लायसनच्या नोंदी आहेत. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे डिजिलॉकरमधले कागद पोलिसांना चालतात. कॉम्प्युटर आला की कटकट संपेल असं आपल्यासारख्यांना मनापासून वाटायचं. माहितीची कटकट कमी झालीही, पण कराची तशीच राहिली. कर्नाटकाने 2014 मध्ये तर कायदा बदलून 30 दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या परराज्यातल्या गाडीकडून आजीवन कर मागायला सुरुवात केली. 2016 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली. त्या दोन वर्षांत किती मराठी पोरांनी निमूट पैसे भरले असतील, कुणास ठाऊक.

सप्टेंबर 2021 पासून बीएच मालिका आली. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. कल्पना उत्तम. पण मिळते कुणाला? संरक्षण दलं, सरकारी नोकर, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी. तेही फक्त खासगी गाडीला. म्हणजे तुमची-माझी सोय झाली. पण बावड्यातला जो पोरगा कर्ज काढून टेम्पो घेतो आणि ज्याचा एक दिवस बुडाला की हप्ता बुडतो, त्याची नाही. ज्याला भर पगारी सुट्टी टाकून चकरा मारता येतात त्याला चकरा माफ, आणि ज्याला परवडत नाहीत त्याला सक्तीच्या!

हे असंच चालायचं, असं मात्र मला वाटत नाही, आणि त्याचं कारण आमच्याच तालुक्यात आहे. 1820 च्या दशकाच्या शेवटी पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी केली. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे 55 टक्के सरकारचे. कागदावर अगदी शास्त्रशुद्ध. प्रत्यक्षात हिशेब इतका किचकट की तो मोजणाऱ्या कारकुनांच्या हाती गेला, आणि मग पैसे चारल्याशिवाय काही होईना. सारा झेपेना म्हणून कुळं जमिनी टाकून निघून गेली. इंदापुरात शेतंच्या शेतं ओस पडली.

1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे इंदापुरात आले. विंगेट इंजिनिअर, म्हणजे आपल्याच पेशातला. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेबच सोडून दिला. जमिनीची ढोबळ प्रतवारी केली, दर उतरवले आणि ते 30 वर्षांसाठी कायम करून टाकले. 1836 मध्ये हे बंदोबस्त लागू झाले आणि ओस जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली. माणसं तीच होती आणि कारकूनही त्याच मातीतले. पण नियमच सोपा झाल्यावर कारकुनाला मधे अडवून ठेवण्यासारखं फारसं उरलं नाही.

गाड्यांचंही तसंच करता येईल. बीएचसारखा टप्प्याटप्प्याचा कर सगळ्यांना द्या, गाडी आज जिथे आहे त्या राज्याला तो जाऊ दे, आणि हिशेब राज्यांनी आपसात करावा. नोंदी त्यांच्याकडे आहेतच. निरोप्या कशाला हवा?

तोवर एक कामाची गोष्ट. तुम्ही बीएचसाठी पात्र असाल तर डिसेंबर 2022 च्या दुरुस्तीनंतर जुनी गाडीसुद्धा त्यात वळवता येते, लागणारा कर भरून. आणि नसाल, तर टोलच्या पावत्या फेकू नका.