जुनी बॅटरी आणि बंद मोबाइल: घंटागाडीत का टाकू नये?

बीड जिल्ह्यातील पाटोद्यासारख्या गावात इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कुणी उकिरड्यावर फेकत नाही, कारण भंगारात तिला भाव मिळतो. मोबाइलची फुगलेली बॅटरी, रिमोटचे सेल, जळालेला चार्जर यांना कुणी विचारत नाही. ते सरळ कचऱ्यात जातात. धोका मात्र दोन्हीकडे आहे.

इन्व्हर्टर, दुचाकी, ट्रॅक्टरची बॅटरी
हिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असतो, सोबत गंधकाम्ल. शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, पण त्यासाठी नोंदणीकृत कारखाना लागतो. उघड्यावर बॅटरी फोडली, की आम्ल आणि शिसे मातीत उतरते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ बिघडते. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातच उगम पावते आणि पुढे धनेगावच्या धरणातून लातूरला पाणी जाते. त्यामुळे इथली माती जपणे म्हणजे खालच्या गावांचे पाणीही जपणे.

मोबाइलची बॅटरी
लिथियमची बॅटरी दबली किंवा टोचली गेली तर पेट घेते. कचरागाडीत ती दाबली जाते, सोबत कागद-प्लास्टिक असतेच.

नियम काय सांगतात?
2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या इतर कचऱ्यात न मिसळणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी संकलन केंद्र उभारण्याचे काम स्थानिक संस्थांना दिले. आपल्या नगरपंचायतीत असे केंद्र कुठे आहे, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आपण काय करायचे?
• नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदारालाच द्या आणि तिची वजा केलेली रक्कम बिलावर लिहून घ्या.
• सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात साठवा. बटण सेल मुलांपासून दूर ठेवा. गिळल्यास तातडीने दवाखाना गाठा.
• फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका.
• मोबाइल देण्याआधी सिम व मेमरी कार्ड काढा, फॅक्टरी रीसेट करा.
• वस्तू कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या.

एका घरातून चार सेल निघतात, तेवढ्यासाठी कुणी शहरात जाणार नाही. म्हणून शाळेत किंवा गल्लीत एकच डबा ठेवा आणि भरला की एकदाच पाठवा.