संगणक भंगारात काढण्याआधी त्याचा सेल तपासा

गेल्या महिन्यात शहरातल्या एका शाळेत गेलो होतो. कोपऱ्यात पाच-सहा संगणक धूळ खात पडलेले. विचारलं तर म्हणाले, "बंद पडलेत, भंगारात द्यायचेत." एक लावून बघितला. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी : सेटिंग हरवलं आहे, तारीख चुकली आहे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, बाकी सगळं ठणठणीत. सेल बदलला, तारीख घातली, मशीन चालू.

हे दुखणं नवीन नाही मंडळी. १९८४ मध्ये आयबीएमचा 'पीसी एटी' आला आणि मशीनचं सेटिंग बॅटरीवर जगणाऱ्या एका चिपमध्ये गेलं. हार्ड डिस्क कुठल्या प्रकारची, मेमरी किती, आज तारीख काय, सगळं त्या ६४ बाइटांत. बॅटरी गेली की मशीन स्वतःची हार्ड डिस्कच विसरायचं! पडद्यावर १६१ आकडा आला की बॅटरी बघायची, १६३ आला की तारीख-वेळ. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी ३८६ किंवा ४८६ होता, त्यांतले शहाणे लोक डिस्कचा प्रकार कॅबिनेटच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवायचे.

त्यापुढचा अडथळा डॉसचा. सुरू होताना डॉस आधी 'कॉन्फिग डॉट सिस' वाचायचं आणि मग 'ऑटोएक्झेक डॉट बॅट'. दोन्ही साध्या मजकुराच्या फायली, कुणीही उघडून वाचाव्यात अशा. मेमरी कितीही असो, प्रोग्रामांच्या वाट्याला ६४० केबीच. त्यातच माउस, सीडी ड्राइव्ह, आणि मराठी हवं असेल तर पुण्याच्याच सी-डॅकचं जिस्ट. एक ओळ चुकली की मशीन तिथेच लटकायचं. मग बूट फ्लॉपी घालायची, संशयित ओळीपुढे 'रेम' लिहायचं आणि पुन्हा सुरू करायचं. १९९३ मध्ये डॉस ६ आलं आणि एफ-८ दाबून एकेक ओळ विचारून पुढे जायची सोय झाली. किती जणांची पहिली शिकवणी हीच! एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा.

कधी कधी फाइल बरोबर असायची, तरी मशीन उठायचं नाही. तिथे व्हायरसचा संशय. 'मायकेलअँजेलो' हा व्हायरस बूट सेक्टरमध्ये बसायचा. ड्राइव्हमध्ये विसरलेल्या फ्लॉपीवरून मशीन सुरू झालं की शिरायचा आणि ६ मार्चला डिस्कवरची माहिती पुसायचा. १९९२ मध्ये जगभर त्याची धास्ती होती. काही लोकांनी तर घड्याळच ६ मार्चच्या पुढे सरकवून ठेवलं!

याच दुरुस्तीच्या टेबलावर पुण्यातला एक मोठा उद्योग उभा राहिला. साताऱ्याकडचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांकडे वळले. गिऱ्हाइकांची मशीन व्हायरसने पडलेली यायची, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. तोच 'क्विक हील'. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. सुरुवात कुठून? कुणीतरी पेटी उघडून 'का बंद पडलं' हे बघितलं, तिथून.

आज आपण पेटी उघडतच नाही. बरीच यंत्रं उघडू देत नाहीत हे खरं, पण जी उघडतात तीही आपण न बघताच फेकतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला संगणक लोकांच्या पैशाचा असतो. तो भंगारात गेला की तीस मुलं एका मशीनभोवती उभी राहतात, आणि वर ई-कचरा वाढतो तो वेगळाच.

म्हणून शाळा, ग्रंथालयं, सोसायट्या, सगळ्यांना एकच विनंती. 'बंद' असा शिक्का मारण्याआधी पडद्यावर काय लिहून येतंय ते कागदावर उतरवून घ्या. सेल बदलून बघा. कुठल्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचं ते सेटिंग तपासा. जमत नसेल तर पेठेतल्या जुन्या दुरुस्तीवाल्याला बोलवा, आणि तो काम करत असताना दोन मुलांना शेजारी उभं करा. त्यांचा तो तास वाया जाणार नाही.

तुमच्या घरच्या पहिल्या मशीनने तुम्हाला सगळ्यात जास्त कशाने छळलं होतं? सांगा.