जनगढ कलम

मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंतांची आधुनिक चित्रशैली. जनगढ सिंह श्याम (१९६२–२००१) यांच्यापासून ती सुरू झाली, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. बाजारात मात्र ती सरसकट ‘गोंड चित्र’ म्हणून विकली जाते. परधान समाज विदर्भातही आहे, पण ही शैली घडली ती डिंडोरी जिल्ह्यातील पाटणगढ आणि पुढे भोपाळ येथे.

परधान हे गोंडांचे वंशपरंपरेने आलेले गायक. यजमानाच्या दारी बाना हे तंतुवाद्य वाजवून ते देवांच्या आणि गोंड राजांच्या कथा गात. गोंडांचा मुख्य देव बडा देव याचा वास साजाच्या, म्हणजे आपल्याकडच्या ऐनाच्या झाडात असतो आणि बान्याच्या सुरांनी तो जागा होतो, अशी श्रद्धा आहे. झाडाप्रमाणे शेतात आणि घरातही देव असल्याचे मानले जाई; साहजिकच झाड तोडणे, शेत पेरणे, घर बांधणे या साऱ्यांत कोणत्या ना कोणत्या देवाशी बोलणे आलेच. यजमानांचे दान आटत गेले तशी गायकी मागे पडली. घरांच्या भिंतींवर मातीची उठावाची नक्षी आणि अंगणात ‘डिगना’ ही भौमितिक नक्षी काढण्याची रीत मात्र बायकांच्या हातात टिकून होती.

भोपाळच्या भारत भवनासाठी आदिवासी कला गोळा करताना चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या चमूला १९८१ च्या सुमारास पाटणगढात तरुण जनगढ सापडले. भोपाळात कागद, शाई आणि पोस्टर रंग हाती येताच त्यांनी तोवर केवळ गाण्यातून माहीत असलेल्या देवांना रूप दिले. हे धाडसच होते, कारण या देवांची चित्रे काढण्याची रूढी नव्हती. ठिपके, आखूड रेघा आणि कंगव्यासारखे दाते यांनी भरलेली त्यांची शरीरे थरथरत असल्याचा भास होतो. हरणाची शिंगे वाढत जाऊन फांद्या होतात, फांद्यांवर पक्षी बसतात. शहरी प्रेक्षक याला कल्पनाविलास म्हणतो. पण ज्या कथांत प्राणी, झाड आणि देव एकमेकांचे सोयरे आहेत, त्यांच्या गायकाला या तिघांमधली सीमा मुळात दिसतच नसावी. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘माजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या भोपाळच्या विधानभवनातही त्यांची भित्तिचित्रे आहेत. जपानमधील मिथिला संग्रहालयात काम करत असताना २००१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

जनगढ यांनी गावाकडचे अनेक नातलग भोपाळला आणून हाताशी घेतले होते. पुतणे भज्जू श्याम त्यांतलेच. भज्जू, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती यांचे ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हे पुस्तक २००६ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सने काढले. काळ्या कागदावर हाताने छापलेल्या या पुस्तकातली झाडे दिवसभर सावली आणि अन्न देण्यात गुंतलेली असतात; रात्री विसावा मिळाला की त्यांचे आत्मे प्रकट होतात. शैलीचा विचार याहून नेमका क्वचितच कुठे उमटला आहे. भज्जू यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

चांगले चित्रकार आपली भरणीची नक्षी स्वतः शोधतात आणि तीच त्यांची सही ठरते. हस्तकला मेळ्यांतल्या मालात मात्र मोर, हरीण आणि झाड एकाच साच्यातून निघतात. ठिपके असतात, कथा नसते.