चाकांवरचा संसार

मोटारीच्या मागे चाकांवरचे एक लहानसे घर जोडावे, त्यात बायकामुले, अंथरुणे, भांडीकुंडी घालावीत आणि डांबरी सडक जेथे संपते तेथूनही पुढे निघावे, ही हौस अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात आता चांगलीच रूढ झाली आहे. असे घर विकत घेणारा गृहस्थ प्रथम तीन प्रश्न विचारतो. रिकाम्या घराचे वजन किती? त्यात आणखी किती भार घालता येईल? आणि तो सारा भार आपली मोटार चढावर ओढील काय? हे प्रश्न मोटारीच्या जन्मापूर्वीचे आहेत. सन १८४० ते १८६० या वीस वर्षांत मिसूरी नदीच्या काठी हजारो कुटुंबप्रमुखांनी नेमके हेच प्रश्न स्वतःला घातले होते. त्यांच्यापाशी मोटारीऐवजी बैल होते, आणि उत्तर चुकले तर मागे फिरण्याची सोय फारशी नव्हती.

ही कुटुंबे ऑरेगन व कॅलिफोर्निया या पश्चिमेकडील प्रांतांत वस्तीला निघालेली असत. मिसूरीकाठच्या इंडिपेन्डन्स या गावापासून तिकडचे अंतर सुमारे २,००० मैल. एप्रिलअखेर कुरणात गवत उगवल्यावाचून निघता येत नसे, कारण जनावरांचा चारा बरोबर नेणे अशक्य होते. आणि कॅलिफोर्नियाच्या वेशीवरील सिएरा नेवाडा पर्वतावर पहिला हिमवर्षाव होण्यापूर्वी पलीकडे उतरणे भाग होते. बैल दिवसाला बारा ते पंधरा मैल चालत. नद्या, मोडतोड, आजारपण, बाळंतपणे यांचे दिवस धरले की पाच-सहा महिने सहज लागत. म्हणजे हिशेबात शिल्लक जवळजवळ नाहीच. सडक म्हणावी अशी गोष्ट नव्हती. पुढे गेलेल्या गाड्यांची चाकोरी हीच सडक. मुलूख निर्जन होता असेही नव्हे. तो पॉनी, लकोटा, शोशोनी, पायूट इत्यादी लोकांचा होता, आणि आरंभीच्या वर्षांत त्यांतील कित्येकांनी या परक्यांना नदीचा उतार दाखविला, घोडे विकले, पाण्याच्या जागा सांगितल्या.

गाडीची निवड हा पहिला पेच. पेनसिल्व्हेनियात बनणारी 'कॉनेस्टोगा' नावाची भव्य मालगाडी तेव्हा प्रसिद्ध होती. ती कित्येक टन माल नेई. पण तिला सडक लागे, आणि ती ओढता ओढता दोन हजार मैलांत बैलांचे प्राण गेले असते. शहाण्या माणसाने निवडली ती शेतावरची साधी चारचाकी. तिचा साटा सुमारे दहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन-अडीच फूट खोल. त्यावर हिकरी लाकडाच्या कमानी वाकवून बसवायच्या आणि जवसाच्या तेलाने माखलेले जाड कापड वरून ताणायचे. पुढची चाके मागच्यांपेक्षा लहान असत, म्हणजे वळताना ती गाडीच्या अंगाला घासत नसत. स्प्रिंगा नव्हत्याच. दूर अंतरावरून उंच गवतात ही पांढरी शिडे हलताना दिसली की गलबतांचा भास होई, म्हणून लोक तिला 'मैदानातील गलबत' म्हणू लागले. नाव काव्यमय आहे. प्रवास तसा नव्हता. सकाळी दुधाची बरणी गाडीला टांगली तर संध्याकाळी धक्क्यांनीच तिच्यात लोण्याचा गोळा तयार होई. ज्याला पाय होते तो या गाडीत बसण्यापेक्षा चालणे पसंत करी. दोन हजार मैलांचा बराच भाग या कुटुंबांनी, मुलांनीसुद्धा, पायीच काटला.

गाडीत बसायला जागा नसण्याचे दुसरेही कारण होते. अशा गाडीत दोन ते अडीच हजार पौंडांहून अधिक भार घालू नये, हा अनुभवाने ठरलेला नेम. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज याच्या १८४५ सालच्या मार्गदर्शक पुस्तकात दर माणशी किमान शिधा दिला आहे: पीठ २०० पौंड, खारवलेले डुकराचे मांस १५०, कॉफी १०, साखर २०, मीठ १०. एकूण ३९० पौंड. आईबाप आणि चार मुले यांचे खाणे चार प्रौढांइतके धरले तरी नुसता शिधाच १,५६० पौंड झाला. राहिलेल्या सुमारे ४४० ते ९४० पौंडांत अंथरुणे, तंबू, कुऱ्हाडी, बंदूक, दारूगोळा, दोर, साखळ्या, पाण्याचे पिंप, नांगराचा फाळ आणि बी-बियाणे बसवावयाचे. मग आजीच्या लग्नातले कपाट कोठे ठेवणार? बिडाची चूल, आरसा, घड्याळ, पुस्तकांची पेटी? घरोघरी यावरून किती रात्री वादविवाद व अश्रू झाले असतील याची कल्पना कोणाही गृहिणीला करता येईल. पुष्कळांनी मन घट्ट न करता सारे गाडीत भरले. परिणाम फोर्ट लॅरामी या ठाण्याच्या आसपास पाहावयास मिळे. १८४९ साली, सोन्याच्या शोधात गर्दी लोटली तेव्हा, वाटेच्या दोन्ही बाजूंना चुली, ऐरणी, पेट्या आणि खारवलेल्या मांसाचे ढीगच्या ढीग टाकून दिलेले होते.

ओढणार कोण, याविषयी तर दोन पक्षच होते. खेचरे बैलांपेक्षा जलद चालतात, हे खरे. परंतु कॅप्टन रँडॉल्फ मार्सी या लष्करी अधिकाऱ्याने १८५९ च्या आपल्या प्रवासी-मार्गदर्शकात दिलेला भाव असा: सहा खेचरांना ६०० डॉलर, तर आठ बैलांना सुमारे २००. शिवाय बैल चिखलात व वाळूत नेट धरतो, निकस गवतावर तगतो, रात्री पळून जाण्याचे भय कमी, आणि अगदीच प्रसंग आला तर त्याचे मांस खाता येते. बहुसंख्य कुटुंबांनी बैलच जुंपले. या बैलांना आपल्या खिलारी बैलासारखे वशिंड नसते. त्यामुळे आपल्याकडे जसे मानेवर ठेवलेले जू वशिंडाला अडून ओढ घेते, तसे तेथे होत नाही. म्हणून जुवाखालून लाकडी कमान घालून ती बैलाच्या गळ्याभोवती अडकवीत. वेसण व कासरा यांचाही उपयोग नसे. गाडीवान गाडीवर बसतच नसे. तो बैलांच्या डाव्या अंगाने, हातात चाबूक घेऊन, उजवी-डावीचे दोन शब्द ओरडत सबंध वाट पायी चाले.

मिसूरीच्या दमट हवेत बनविलेली चाके जसजशी कोरड्या पठारावर चढत तसतसे त्यांचे लाकूड आकसे. आरे खुळखुळू लागत, पुठ्ठे आटत आणि लोखंडी धाव सैल होऊन निसटून पडे. मग रात्री चाके ओढ्यात भिजत ठेवायची, धाव आणि लाकूड यांच्या फटीत पाचरी ठोकायच्या, नाहीतर रानगव्यांच्या वाळलेल्या शेणाचा जाळ करून धाव तापवायची व पुन्हा चढवायची. दक्षिणेतल्या शेतकऱ्याला हे काही नवे वाटणार नाही. उन्हाळ्यात ओढ्यात बुडवून ठेवलेली गाडीची चाके त्यानेही पाहिली आहेत. वंगणाचे भांडे गाडीच्या मागील कण्याला लोंबत असे. नदी खोल असेल तर साट्याच्या फटी डांबराने बुजवून गाडीची होडी करीत. नेब्रास्कातील ॲश हॉलो येथील उतार इतका खडा होता की चाके साखळ्यांनी जखडून, मागून दोर धरून गाड्या अक्षरशः घसरत खाली सोडाव्या लागत. चालत्या गाडीतून उतरताना पाय घसरून मुले चाकाखाली सापडल्याचे उल्लेख प्रवाशांच्या रोजनिश्यांत वारंवार येतात. पटकीने मेलेल्यांची आणि अशा अपघातांत गेलेल्यांची संख्या, कथाकादंबऱ्यांतून गाजलेल्या लढायांतील मृतांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

तरीही हे होऊ शकत होते, याचे उत्तम उदाहरण १८४४ सालचे आहे. एलिशा स्टीफन्स याच्या नेतृत्वाखाली सुमारे पन्नास माणसे अकरा गाड्या घेऊन निघाली. वाळवंटात ट्रकी या नावाने त्यांनी ओळखलेल्या एका वृद्ध पायूट प्रमुखाने त्यांना डोंगरातील नदीची वाट खुणांनी दाखविली. नोव्हेंबरात ते सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या तळ्याशी पोहोचले तेव्हा बर्फ पडू लागला होता. त्यांनी सहा गाड्या तेथेच सोडल्या. उरलेल्या पाच रिकाम्या करून सामान खांद्यांवरून वर नेले. वाटेत सरळ उभा कडा आडवा आला. शोधता शोधता एक चिंचोळी भेग सापडली. तीतून एकेक बैल वर चढविला, वर नेऊन पुन्हा जुवाला जोडला, आणि साखळ्या खाली सोडून गाड्या कड्यावरून ओढून घेतल्या. सिएरा ओलांडणाऱ्या या पहिल्या गाड्या. या मंडळींपैकी एकही दगावला नाही. उलट वाटेत दोन मुली जन्मल्या. त्यांना अर्ध्याहून अधिक गाड्या टाकून देता आल्या, ही गोष्ट बैलांच्या बळाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

बरोबर दोन वर्षांनी त्याच तळ्याशी दुसरा तांडा आला. तो इतिहासात डॉनर-रीड तांडा म्हणून प्रसिद्ध आहे. जेम्स रीड हा इलिनॉय प्रांतातील स्प्रिंगफील्डचा सधन व्यापारी. एप्रिल १८४६ मध्ये तो पत्नी मार्गारेट, चार मुले व सत्तर वर्षांची आजारी सासू सारा कीझ यांना घेऊन निघाला. लेकीला सोडून मागे राहण्यास सासूबाई तयार नव्हत्या, आणि पत्नीचीही प्रकृती नाजूक. त्या दोघींना त्रास होऊ नये म्हणून रीडने एक गाडी खास बांधून घेतली. तिचे वर्णन थोरली मुलगी व्हर्जिनिया हिने १८९१ साली लिहिले आहे. दार बाजूला, त्याला पायऱ्या. आत स्प्रिंगांच्या बैठका. लोखंडी पत्र्याची शेगडी आणि छतातून बाहेर काढलेले तिचे धुराडे. दोन्ही बाजूंना चाकांवरून बाहेर आलेल्या फळ्या, आणि त्यावर शय्यांचा जणू दुसरा मजला. ओढायला बैलांच्या चार जोड्या. व्हर्जिनिया निघाली तेव्हा बारा वर्षांची होती आणि लिहिले ते पंचेचाळीस वर्षांनी. तेव्हा गाडीचा आकार तिच्या आठवणीत थोडा वाढला असावा असे काही इतिहासकारांना वाटते. पण इतर गाड्यांहून ती जड होती याबद्दल शंका घेण्याचे कारण दिसत नाही.

सारा कीझ २९ मे रोजी, घर सोडल्यापासून दीड महिन्याच्या आतच, वाटेत वारल्या. एका ओकच्या झाडाखाली त्यांना मूठमाती देण्यात आली. ज्या म्हातारीसाठी गाडी बांधली ती गेली, पण गाडी तशीच पुढे चालली. तेथेच ती सोडून सामान साध्या गाडीत घालावे, हा विचार कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही. येऊनही तो आचरणे सोपे नव्हते. आजारी पत्नीला धक्के बसू नयेत ही इच्छा कोणत्या नवऱ्याला नसेल?

सारा दोष गाडीच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. खरा घात जवळच्या वाटेने केला. हेस्टिंग्जने आपल्या पुस्तकात ग्रेट सॉल्ट लेकच्या दक्षिणेने जाणारी एक नवी वाट सुचविली होती. पुस्तक लिहिले तेव्हा तो स्वतः त्या वाटेने गेलेलाही नव्हता. जेम्स क्लायमन हा रीडचा जुना लष्करी सोबती नुकताच त्या बाजूने आला होता. फोर्ट लॅरामी येथे त्याने रीडला स्पष्ट बजावले की गाड्या घेऊन तिकडे जाऊ नका, जुनी चाकोरी सोडू नका. रीडने ऐकले नाही. वासाच डोंगरात झाडी तोडून वाट करण्यात चाळीस मैलांहूनही कमी अंतराला दोन आठवड्यांवर दिवस गेले. पुढे मिठाचे वाळवंट लागले. ते चाळीस मैलांचे आहे असे सांगण्यात आले होते. निघाले ऐंशीच्या घरात. वरचा पांढरा पापुद्रा फुटून चाके खालच्या चिकट चिखलात रुतत. सर्वांत मागे पडल्या त्या रीडच्या गाड्या. तहानेने वेडे झालेले त्याचे अठरा बैल रात्री उधळले, ते पुन्हा दिसले नाहीत. सामान वाळवंटात पुरून, दुसऱ्यांचे बैल मागून घेऊन ती मोठी गाडी काही मजल पुढे नेली. अखेर तीही सोडून द्यावी लागली.

ऑक्टोबरच्या अखेरीस तांडा तळ्याशी आला आणि बर्फाने खिंड बंद झाली. डोंगर उतरताना जॉर्ज डॉनरच्या गाडीचा कणा मोडला होता. नवा कणा तासताना त्याच्या हाताला जखम झाली, ती चिघळली आणि तो परत उठला नाही. ऐंशीहून अधिक माणसांपैकी निम्म्याच्या जवळपास त्या हिवाळ्यात मेली. उरलेल्यांपैकी काहींनी मृतांच्या मांसावर जीव जगविला. जेम्स रीड तेव्हा त्यांच्यात नव्हता. वाटेतील एका भांडणात त्याच्या हातून माणूस मारला गेला, म्हणून तांड्याने त्याला हाकलून दिले होते. तो पुढे जाऊन कॅलिफोर्नियात पोहोचला, आणि १८४७ च्या फेब्रुवारीत मदतीची तुकडी घेऊन तोच परत डोंगर चढून आला. त्याची पत्नी आणि चारही मुले वाचली. मे महिन्यात व्हर्जिनियाने घरी नात्यातील बहिणीला पत्र लिहिले, त्यात जवळच्या वाटांना भुलू नका आणि होईल तितकी घाई करा असा सल्ला आहे.

वाळवंटात सामान पुरताना मुलांना आपापली खेळणी टाकून देण्यास सांगितले होते. आठ वर्षांच्या पॅटी रीडने हाताच्या मुठीत मावेल एवढी एक लाकडी बाहुली आणि आजीच्या केसांची एक बट कपड्यांत लपवून ठेवली होती. सुटकेनंतर खाली दरीत पोहोचल्यावर तिने ती बाहेर काढली. ती बाहुली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे सटर्स फोर्टच्या संग्रहात जतन करण्यात आली आहे.