कानामागची वीज

१९७२च्या अखेरीस हाँगकाँगच्या क्वाँग वा रुग्णालयात मेंदूचे शल्यचिकित्सक डॉ. एच. एल. वेन चीनमधून आलेली एक पद्धत वापरून पाहत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना कळू नयेत म्हणून सुया टोचायच्या आणि त्यांतून सौम्य वीज सोडायची. अशा सुया लावलेला एक अफूबाज रुग्ण म्हणाला, आपली तलफच गेली. वेन शोधत होते वेगळेच. पुढच्या वर्षी त्यांनी व चेउंग यांनी चाळीस व्यसनी रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला.

अफू सुटताना नाक गळते, अंगावर काटा येतो, हाडे ठणकतात, झोप उडते. या दैनेला मराठीत नेमका शब्द नाही. ‘तलफ’ म्हणजे ओढ, दैना नव्हे. ‘प्रत्याहार’ लिहावे तर तो योगातला. हिंदी-पंजाबीत नशा ‘तुटतो’. अनुवाद करताना मला तो शब्द उसना घ्यावासा वाटतो. आणि चिनी अफूबाजाची ही दैना आपल्यालाही परकी नाही: एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात असे.

हाँगकाँगमध्येच तुंग वा रुग्णालयात मेग पॅटरसन ही स्कॉटिश शल्यचिकित्सक होती. त्याआधी तिने लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केले होते. तिने सुया काढून टाकल्या, कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवले, आणि प्रत्येक मादक द्रव्यासाठी विजेची वेगळी कंपनसंख्या लागते असे मत मांडले. १९७३मध्ये ती ब्रिटनला परतली. १९७५मध्ये अ‍ॅबर्डीनला, जिथे ती स्वतः शिकली होती, ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारी अफूसदृश द्रव्ये वेगळी केली. वीज तीच द्रव्ये जागवत असेल, हा तर्क मग सहज सुचला. सुचला म्हणून सिद्ध झाला नाही.

१९७४मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने तिच्याकडे उपचार घेतले. हेरॉइन सुटले, पुढे कित्येक वर्षे तो दारूत बुडाला. प्रसिद्धी मात्र मिळाली ती त्याच्या बरे होण्याला. १९८४मध्ये ब्रिटनमध्ये गॉसप आणि सहकाऱ्यांनी विजेची तुलना मेथाडोनशी केली, तेव्हा वीज उणी ठरली.

मला वाटले होते गोष्ट तिथे संपली. पण २०१७मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कानामागे लावायच्या एका छोट्या यंत्राला परवानगी दिली. आधार होता ७३ रुग्णांचा अभ्यास. तुलनेला दुसरा गट नव्हता. यंत्र पाच दिवस लावायचे, मग काढून टाकायचे. त्यानंतर औषधे सुरू होतात.