रेवतीच्या तळटिपा
जून १९१६ मध्ये गोविंद बल्लाळ देवल वारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. मूळ गद्य ‘फाल्गुनराव’ १८९३ चे. ते आर्थर मर्फीच्या १७६१ च्या इंग्रजी नाटकावरून घेतलेले, आणि मर्फीने उचलले होते मोलिएरच्या १६६० च्या ‘स्गानारेल’वरून. वंशावळ अशी लांबलचक, पण पात्रे अस्सल पंचांगातली. पुरुषांना महिन्यांची नावे, बायकांना नक्षत्रांची.

अशा नाटकाची सटीप आवृत्ती काढायची तर सुरुवात ‘स्गानारेल’च्या पहिल्या छापील प्रतीपासूनच करावीशी वाटेल. ती मोलिएरने काढलेलीच नव्हती. नफव्हिलनेन नावाच्या एका प्रेक्षकाने प्रयोग पुन्हापुन्हा पाहून नाटक पाठ केल्याचे सांगितले आणि प्रत्येक प्रवेशाआधी स्वतःचे विवेचन जोडून ते छापून टाकले. चोरी खरीच, पण टिपा पहिल्यांदा लिहिल्या त्या प्रेक्षकाने.

मराठीत या टिपांचा मोठा भाग गोव्यातून यायला हवा. कारण रेवती. मर्फीची बेलिंडा घरंदाज मुलगी आहे. देवलांनी तिच्या जागी मघा नायकिणीची मुलगी आणली. मूर्च्छा आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ते फाल्गुनराव पाहतो. इथपर्यंत फार्स. पण प्रियकर आश्विनशेट ज्या सहजतेने रेवतीच्या निष्ठेवर शंका घेतो, ती सहजता तिच्या जन्मातून येते. लग्न करून संसार मांडू पाहणाऱ्या नायकिणीच्या मुलीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न १९१६ च्या प्रेक्षागृहात काही नुसत्या विनोदाचा नव्हता.

मुंबईच्या गिरगावात गाऊन नाव काढणाऱ्या अशा कितीतरी बायका गोव्याच्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या होत्या. अंजनीबाई मालपेकर पेडण्यातल्या मालपे गावच्या. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँकडे त्यांची तालीम झाली. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. हिराबाई पेडणेकरांच्या तर आडनावातच पेडणे आहे, जन्म मात्र सावंतवाडीचा. त्यात नवल नाही. १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांचेच होते. याच हिराबाईंनी ‘संगीत दामिनी’ लिहिले आणि केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने १९१२ मध्ये ते रंगभूमीवर आणले. म्हणजे ‘संशयकल्लोळ’च्या चार वर्षे आधी रेवतीच्याच समाजातली एक बाई नाटककार म्हणून उभी होती, आणि रंगमंचावर रेवती व्हायला पुरुष लागत होता! देवलांवर हा आरोप नव्हे. काळच तसा होता. पण टीप हवीच.

गोव्यातून दुसऱ्या टिपा येतील त्या प्रयोगांच्या. पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या नव्या काबिजादीतले महाल. पोर्तुगीज अंमल इथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. त्यामुळे जुन्या काबिजादीतल्यासारखी देवळांची मोडतोड इथे झाली नाही; उत्सव टिकले आणि उत्सवांबरोबर नाटकेही. पेडण्यात दशावतारी काला, डिचोलीतल्या साखळीला विठ्ठलाचा चैत्रोत्सव. पालखी आटोपली की देवळासमोर भाड्याचे पडदे लागायचे, पेटीवाला सूर धरायचा आणि गावचाच एखादा तरुण नऊवारी सावरत रेवती म्हणून यायचा. विंगेतला प्रॉम्प्टर पुस्तक हातात धरी ते नवख्यासाठी. जुन्याजाणत्यांना नाटक तोंडपाठ असे. पद किती आळवायचे, वन्समोअर कुठे घ्यायचा, नोकर भादव्याने कुठे थांबायचे, हे छापील प्रतीत सापडत नाही.

पुढे मुंबईच्या गोवा हिंदु असोसिएशनने जुनी संगीत नाटके पुन्हा उभी केली आणि म्हापशाच्या रामदास कामतांनी आश्विनशेट गाजवला. कला अकादमीच्या स्पर्धांमुळे गोव्यातल्या गावोगावच्या मंडळ्या आजही संगीत नाटक बसवतात.

मंडळ्यांच्या पेट्यांत तालमीच्या खुणा केलेली पुस्तके असतात. संपादकांनी आधी ती मागून घ्यावीत, पेटीवाल्यांशी बोलावे, मोलिएरकडे मग वळावे. आणि रेवतीच्या पहिल्या प्रवेशाखाली हिराबाई पेडणेकरांवरची टीप घालायला विसरू नये.